हाताचा कंप आणि चित्राची स्थिरता

मनुष्याचा हात कधींहि पूर्णपणें स्थिर नसतो. नेम धरलेला शिपाई असो कीं सुईंत दोरा ओवणारा शिंपी असो, त्याच्या बोटांत एक बारीक थरथर सतत चालूच असते. श्वासानें छाती वरखालीं होते, नाडीचा ठोका मनगटापर्यंत पोंचतो, आणि तोल राखण्यासाठीं स्नायु क्षणोक्षणीं ताणले जातात व सैल होतात. नित्याच्या व्यवहारांत ही थरथर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. डोळा आणि मेंदु मिळून ती सावरून घेतात. कॅमेऱ्याला मात्र अशी सावरासावर करणारा मेंदु पुष्कळ वर्षें नव्हता. त्याचें शटर जितका वेळ उघडें राही तितक्या वेळांत जो कंप होई, तो सारा चित्रांत उमटे. आणि देवळाच्या कळसाची रेघ असावी तेथें धुक्याचा पट्टा दिसे.

ह्या कंपावर उपाय निघाला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. पण उपाय सांपडल्याबरोबर दुसरा प्रश्न उभा राहिला. कंप सावरणारी यंत्रणा भिंगांत बसवावी, कीं भिंग ज्यावर चढवितात त्या कॅमेऱ्याच्या पेटींत बसवावी? ह्या प्रश्नावर जपानांतील कारखानदारांचे दोन पक्ष पडले, आणि त्यांतील वाद मिटावयास सतरा-अठरा वर्षें जावीं लागलीं. वरवर पाहतां तो वाद प्रकाशशास्त्राचा आणि यंत्रविद्येचा होता. परंतु त्याच्या तळाशीं दोन अगदीं व्यावहारिक गोष्टी होत्या. कोणत्या कारखान्यापाशीं आधींपासून कोणतें भांडवल होतें ही एक, आणि ग्राहकानें एकाच सोयीसाठीं किती वेळां पैसे मोजावयाचे ही दुसरी.

छायाचित्रणाच्या आरंभीं हाताच्या कंपाचा प्रश्नच नव्हता. फ्रान्समधील निएप्स ह्यानें १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकींतून दिसणारें दृश्य टिपलें, त्यास कित्येक तास लागले. दागेर ह्यानें १८३८ सालीं पॅरिसमधील बूलव्हार द्यु ताँप्ल ह्या रस्त्याचें चित्र घेतलें, त्यासहि कांहीं मिनिटें लागलीं. तो रस्ता रहदारीचा; तरी चित्रांत तो जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. गाड्या, घोडे आणि माणसें इतका वेळ एका जागीं थांबलीं नाहींत, म्हणून तीं उमटलींच नाहींत. जोडे साफ करून घेण्यासाठीं उभा राहिलेला एक गृहस्थ तेवढा चित्रांत राहिला. त्या काळीं हलत असे तें जग. यंत्र तिवईवर घट्ट बसविलेलें असे.

हा क्रम उलटा झाला तो लहान कॅमेऱ्यामुळें. जर्मनींतील लाइट्स ह्या कारखान्यांतील ऑस्कर बार्नाक ह्याच्या योजनेप्रमाणें बनविलेला लायका कॅमेरा १९२५ सालीं लाइप्‌झिगच्या जत्रेंत लोकांपुढें मांडण्यांत आला. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंद फिल्म त्यांत वापरलेली होती, आणि एका चित्राचा आकार २४ × ३६ मिलिमीटर एवढा लहान होता. कॅमेरा कोटाच्या खिशांत मावूं लागला. तिवई घरीं राहिली आणि छायाचित्रकार रस्त्यावर, सभेंत, रणांगणावर मोकळेपणानें फिरूं लागला. मात्र ह्या स्वातंत्र्याची किंमत त्याच्या हाताला द्यावी लागली.

ती किंमत किती, ह्याचा एक ठोकताळा छायाचित्रकारांनीं अनुभवानें बसविला. भिंगाचें नाभीय अंतर जितके मिलिमीटर असेल, सेकंदाच्या तितक्याव्या भागापेक्षां अधिक वेळ शटर उघडें ठेवूं नये, असा तो नियम. ५० मिलिमीटरचें साधें भिंग असेल तर १/५० सेकंद चालतो. दूरचें जवळ आणणारें ३०० मिलिमीटरचें भिंग असेल तर १/३०० सेकंदाच्या आंतच काम उरकावें लागतें. ह्याचें कारण भूमितींत आहे. हात एक दशांश अंशानें डगमगला, तर ५० मिलिमीटरच्या भिंगामागें चित्र सुमारें ०.०९ मिलिमीटर सरकतें; ६०० मिलिमीटरच्या भिंगामागें तेंच चित्र एक मिलिमीटराहून किंचित् अधिक सरकतें. भिंग जितकें दूरदर्शी, तितकी हाताची चूक मोठी होऊन चित्रांत येते.

भर उन्हांत हा नियम पाळणें कठीण नाहीं. पण प्रकाश नेहमींच मुबलक कोठें असतो? सायंकाळचा घाट, समईच्या उजेडांतील गाभारा, नाटकाचा रंगमंच, दाट झाडींतला पक्षी, अशा ठिकाणीं शटर अधिक वेळ उघडें ठेवावें लागतें. आणि बहुधा ह्याच ठिकाणीं तिवई मांडावयास परवानगी नसते किंवा सवड नसते. वाढत्या वयाबरोबर ज्यांच्या हातांचा कंप वाढतो, त्यांच्यापुढें तर ही अडचण दुपारच्या उजेडांतहि उभी असते. म्हणून कंपाचा उपाय ही केवळ हौशी लोकांची चैन नव्हती.

चलच्चित्रांत हा उपाय प्रथम बाहेरून झाला. अमेरिकेंतील गॅरेट ब्राउन ह्यानें १९७५ च्या सुमारास स्टेडीकॅम नांवाचें साधन सिद्ध केलें. चित्रकाराच्या अंगावर पट्ट्यांनीं बांधलेला एक स्प्रिंगचा बाहु आणि त्यावर तोलून धरलेला कॅमेरा, अशी त्याची रचना होती. १९७६ च्या 'बाउंड फॉर ग्लोरी' आणि 'रॉकी' ह्या चित्रपटांत त्याचा उपयोग झाला. परंतु हें साधन अवजड होतें; सहलीस निघालेल्या कुटुंबानें तें बरोबर न्यावें, ही गोष्ट संभवनीय नव्हती. कंप कॅमेऱ्याच्या आंतच ओळखला गेला पाहिजे आणि आंतच सावरला गेला पाहिजे, हें उघड होतें.

कंप ओळखण्याचें काम जायरो नांवाच्या सूक्ष्म अवयवानें साधलें. ह्या अवयवांत एक बारीकसा तुकडा सतत स्पंद पावत असतो. कॅमेरा कोणत्याहि बाजूस वळला कीं त्या स्पंदनाची दिशा बिघडते, आणि त्या बिघाडावरून कॅमेरा किती वेगानें वळला ह्याचें मोजमाप होतें. मात्सुशिता कंपनीनें १९८८ सालीं पॅनासोनिक ह्या नांवानें कंप सावरणारा व्हिडिओ कॅमेरा विक्रीस आणला. १९९४ सालीं निकॉननें आपल्या 'झूम ७०० व्हीआर' ह्या लहान फिल्म-कॅमेऱ्यांत अशी यंत्रणा बसविली. पुढील वर्षीं, म्हणजे १९९५ त, कॅनननें ७५ ते ३०० मिलिमीटरचें एक सुटें भिंग काढलें. कॅमेऱ्यावर चढवावयाच्या सुट्या भिंगांत कंपनिवारण आलें तें ह्या भिंगापासून.

ह्या भिंगाची कृति समजण्यास कठीण नाहीं. भिंग म्हणून जी नळी हातांत येते, तींत कांचेच्या अनेक चकत्या एकामागें एक बसविलेल्या असतात. त्यांपैकीं एक लहानसा गट आडवा सरकूं शकेल असा ठेवतात. कॅमेऱ्याचें तोंड किंचित् खालीं झुकलें कीं जायरो तें ओळखतो, आंतील गणकयंत्र हिशेब करतें, आणि विद्युत्‌चुंबक त्या गटाला नेमकें तेवढेंच सरकवितात कीं प्रकाशाचा किरण मूळच्या जागीं येऊन पडावा. हें सारें सेकंदांत शेंकडों वेळां चालतें. कॅननच्या ह्या पहिल्या भिंगानें सुमारें दोन 'स्टॉप' मिळाले. स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. दोन स्टॉप म्हणजे चौपट. जेथें पूर्वीं १/३०० सेकंद लागे, तेथें आतां १/७५ सेकंदांतहि चित्र रेखीव येऊं लागलें.

यंत्रणा भिंगांतच कां बसविली, ह्याचें उत्तर त्या काळीं सोपें होतें. दुसरीकडे जागाच नव्हती. पेटींत फिल्म असे, आणि ती एका डबींतून दुसऱ्या रिळावर ताणलेली असे. तिला सेकंदांत शेंकडों वेळां इकडेतिकडे हलविणें म्हणजे सारी पेटीच हलविणें होय. कॉन्टॅक्स ह्या नांवाच्या एएक्स कॅमेऱ्यांत १९९६ सालीं फिल्मचा संपूर्ण कप्पा पुढेंमागें सरकवून चित्र रेखीव करण्याची योजना केलेली होती. ती चालली, पण तिच्यामुळें कॅमेरा फुगीर आणि जड झाला. आणि तेथें तर कप्प्यास सावकाश, एकाच दिशेनें सरकावयाचें होतें. कंपाच्या वेगानें फिल्म नाचविणें शक्य नव्हतें. म्हणून फिल्मच्या युगांत वाद नव्हता. भिंगपक्ष एकटाच मैदानांत होता.

त्या पक्षानें आपलें घर झपाट्यानें बांधलें. १९९७ च्या ३०० मिलिमीटर भिंगांत कॅनननें आणखी एक सुधारणा केली. धांवत्या घोड्याबरोबर छायाचित्रकार कॅमेरा मुद्दाम आडवा फिरवितो, तेव्हां ती हालचाल चूक समजून यंत्रणेनें विरोध करूं नये, केवळ वरखालींचा कंप सावरावा, अशी सोय तींत होती. १९९९ पर्यंत ३०० पासून ६०० मिलिमीटरपर्यंतच्या मोठ्या दूरदर्शी भिंगांत ही यंत्रणा आली. निकॉनचें असें पहिलें सुटें भिंग, ८० ते ४०० मिलिमीटरचें, २००० सालीं निघालें. क्रीडांगणावरील वार्ताहर आणि अरण्यांतील निरीक्षक ह्यांनीं हीं भिंगें तत्परतेनें घेतलीं. मात्र ज्याच्याजवळ चार भिंगें होतीं त्याला चारहि भिंगांत ही सोय हवी असल्यास चार वेळां किंमत द्यावी लागे. आणि कपाटांत ठेवलेलीं जुनीं भिंगें तर ह्या सुखाला कायमचीं मुकलेलीं होतीं.

ह्या स्थितींत फिल्मची जागा सेन्सरनें घेतली. सेन्सर म्हणजे प्रकाशाची नोंद करणारी एक पातळ चकती. तिला ना डबी, ना रीळ. भिंगांतली कांच हलवून किरण जागेवर आणण्याऐवजीं किरण जेथें पडतो तेथें ही चकतीच नेली तर? मिनोल्टा कंपनीनें २००३ सालीं आपल्या 'डिमाज ए१' ह्या कॅमेऱ्यांत तेंच केलें. त्याचें भिंग पेटीला कायमचें जोडलेलें होतें. ह्याच वर्षीं मिनोल्टा आणि कोनिका ह्या दोन कंपन्या एकत्र झाल्या, आणि २००४ त त्यांनीं काढलेल्या सात-डी ह्या कॅमेऱ्यांत, जेथें भिंगें बदलतां येतात अशा पेटींत, सेन्सर हलविण्याची यंत्रणा प्रथम आली.

ह्याचा अर्थ काय झाला, तो त्या कॅमेऱ्याच्या धन्यांना विचारावा. मिनोल्टानें १९८५ सालीं भिंगें जोडण्याची एक नवी पद्धति सुरू केली होती. त्या पद्धतीचीं जीं भिंगें एकोणीस वर्षांत घरोघरीं गेलीं, तीं सारीं ह्या पेटीवर चढवितांच कंपमुक्त झालीं. त्यांत स्वस्त भिंगें होतीं, सेकंडहँड घेतलेलीं होतीं, वडिलांकडून मुलाकडे आलेलीं होतीं. एकदां पेटी घेतली कीं भिंगांचा सारा संसार सुधारला. भिंगपक्षाजवळ ह्याला तोड नव्हती.

तरीहि भिंगपक्ष निरुत्तर झाला नाहीं, आणि त्याचीं उत्तरें पोकळ नव्हतीं. पहिलें उत्तर भूमितीचें. ६०० मिलिमीटरच्या भिंगामागें एक मिलिमीटराहून अधिक सरकणारें चित्र पकडावयाचें, तर सेन्सरला तितकी मोठी धांव घ्यावी लागते. आणि ती धांव घेतांना तो भिंगाच्या प्रकाशवर्तुळाच्या कडेस जातो. भिंगांतला लहान गट मात्र थोडासा सरकूनहि मोठें काम करतो. दुसरें उत्तर डोळ्याचें. त्या काळच्या कॅमेऱ्यांत आरशावरून परावर्तित होऊन येणारें दृश्य छायाचित्रकार पाही. यंत्रणा भिंगांत असली तर तें दृश्य डोळ्यालाहि स्थिर दिसे, आणि चित्र रेखीव करणाऱ्या अवयवालाहि तें स्थिर मिळे. सेन्सर हलला तर त्याचा लाभ केवळ अंतिम चित्राला. नेम धरणाऱ्या डोळ्यापुढें दृश्य थरथरतच राही. तिसरें उत्तर असें कीं, प्रत्येक भिंगाचा स्वभाव निराळा, म्हणून त्याची यंत्रणाहि त्याच्याच मापानें बेतलेली बरी.

पेटीपक्षाकडे उलट उत्तर होतें. हात केवळ वरखालीं आणि डावीकडे-उजवीकडे झुकत नाहीं; शटरची कळ दाबतांना कॅमेरा चाकासारखा किंचित् वाटोळाहि फिरतो. हें फिरणें भिंगांतल्या कांचेला सावरतां येत नाहीं, कारण गोल कांच आडवी सरकवून चित्र फिरवितां येणें शक्य नाहीं. सेन्सर मात्र स्वतः फिरूं शकतो. म्हणजे प्रत्येक पक्षाजवळ असें एक सामर्थ्य होतें, जें दुसऱ्याला मिळविणें अशक्य होतें.

असें असतां वाद इतका लांबला कां? कॅनन आणि निकॉन ह्यांनीं कंपमुक्त भिंगांची मालिका उभारलेली होती. तींत त्यांचें धन आणि कीर्ति गुंतलेली होती. ज्यांच्याजवळ अशी मालिका नव्हती, त्या मिनोल्टा, पेंटॅक्स आणि ऑलिंपस ह्यांना पेटीचा मार्ग सोईचा होता. एक यंत्र सुधारलें कीं सारीं भिंगें सुधारत. पेंटॅक्सनें २००६ त आणि ऑलिंपसनें २००७ त तोच मार्ग धरला. सर्वांत बोलका दाखला मायक्रो फोर थर्ड्‌स ह्या पद्धतीचा. २००८ सालीं पॅनासोनिक आणि ऑलिंपस ह्या दोन कंपन्यांनीं भिंग जोडण्याची एकच पद्धति ठरविली. एकाचें भिंग दुसऱ्याच्या पेटीवर बसे. तरी पॅनासोनिकनें कंपनिवारण भिंगांत ठेवलें आणि ऑलिंपसनें पेटींत. एकाच घरांत दोन चुली पेटल्या. ह्यांत घाटा झाला तो अजाण ग्राहकाचा. त्यानें ऑलिंपसचें भिंग पॅनासोनिकच्या पेटीवर चढविलें, कीं कंपनिवारण दोहोंपैकीं एकींतहि नसे.

मिनोल्टाचें दैव मात्र विपरीत निघालें. पेटीचा मार्ग दाखविणाऱ्या ह्या संयुक्त कंपनीनें २००६ च्या जानेवारींत कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडण्याचें जाहीर केलें. तिची विद्या सोनी कंपनीनें घेतली, आणि त्याच वर्षीं निघालेल्या सोनीच्या अल्फा-१०० ह्या कॅमेऱ्यांत हलणारा सेन्सर कायम राहिला. शोध टिकला, शोध करणाराचें नांव दुकानांतल्या पाट्यांवरून उतरलें.

वाद मिटविला तो तर्कानें नव्हे, आरसा काढून टाकल्यानें. आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांत छायाचित्रकार सेन्सरवर पडलेलेंच चित्र लहान पडद्यावर पाहतो. सेन्सर स्थिर झाला कीं डोळ्यापुढील दृश्यहि स्थिर होतें. भिंगपक्षाचें दुसरें उत्तर अशा रीतीनें गळून पडलें. ऑलिंपसनें २०१२ सालीं ई-एम५ ह्या कॅमेऱ्यांत सेन्सरला पांच प्रकारच्या हालचाली दिल्या : वरखालीं झुकणें, बाजूस वळणें, वाटोळें फिरणें, आणि दोन दिशांनीं सरळ सरकणें. शेवटच्या दोन हालचालींचा उपयोग फूल किंवा कीटक अगदीं जवळून टिपतांना होतो. सोनीनें २०१४ त मोठ्या, म्हणजे २४ × ३६ मिलिमीटरच्या सेन्सरलाहि हेंच स्वातंत्र्य दिलें.

मग दोन्ही पक्षांनीं हात मिळविले. पॅनासोनिकनें २०१५ सालीं जीएक्स८ ह्या कॅमेऱ्यांत भिंग आणि पेटी ह्यांना एकत्र काम करावयास लाविलें. ऑलिंपसनें २०१६ त ३०० मिलिमीटरच्या भिंगाबरोबर तसेंच केलें. मोठी झेप भिंगानें घ्यावी आणि वाटोळें फिरणें सेन्सरनें सावरावें, अशी ही श्रमविभागणी. निकॉननें २०१८ त झेड-६ व झेड-७ ह्या कॅमेऱ्यांत सेन्सर हलता केला, आणि सर्वांत अखेरीस कॅनननें २०२० सालीं आर५ आणि आर६ ह्यांत तेंच केलें. त्यांत कांहीं भिंगांबरोबर आठ स्टॉपपर्यंत लाभ होतो, असें कॅननचें मोजमाप आहे. आठ स्टॉप म्हणजे २५६ पट. १/२५० सेकंदाच्या जागीं पूर्ण एक सेकंद. मोबाइल फोनांतहि हाच क्रम दिसला. नोकियाच्या ल्युमिया-९२० मध्यें २०१२ त भिंग हललें. ॲपलच्या आयफोन-१२ प्रो मॅक्समध्यें २०२० त सेन्सर हलला.

यंत्रणा इतकी सूक्ष्म झाली कीं पृथ्वीच तिच्या आड येऊं लागली. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. कॅमेरा आणि समोरचें देऊळ दोन्हीं तिच्याबरोबर फिरतात, म्हणून वस्तुतः कांहीं सावरावयास नको. पण जायरोला तेवढी समज नसते. पृथ्वीचें फिरणें तो हाताचाच कंप समजतो. ३०० मिलिमीटरच्या भिंगामागें ही चूक एका सेकंदांत फार तर ०.०२ मिलिमीटर होते. तरी बारीक ठिपक्यांच्या सेन्सरवर ती उमटण्याजोगी असते. पेंटॅक्सनें मात्र २०११ त हलत्या सेन्सरला ह्याच परिभ्रमणाच्या सेवेस लाविलें. स्थळ आणि दिशा ओळखून सेन्सर ताऱ्यांच्या मागोमाग सरकतो, आणि दीर्घ काळ घेतलेल्या चित्रांतहि तारे रेघा न होतां ठिपकेच राहतात.

एक मर्यादा मात्र भिंगाला ओलांडतां आलेली नाहीं आणि पेटीलाहि नाहीं. यंत्रणा सावरते तो छायाचित्रकाराचा हात. समोरचें जग ती थांबवीत नाहीं. हातीं धरलेल्या कॅमेऱ्यानें एक सेकंद शटर उघडें ठेवून बाजारचौकाचें चित्र घेतलें, तर भिंतींच्या विटा रेखीव येतात आणि चालणारीं माणसें धूसर होतात. दागेरच्या रस्त्यावर जें झालें तेंच, तिवईवांचून. खेळणाऱ्या मुलाचें चित्र टिपावयाचें तर शटर पूर्वींप्रमाणेंच लवकर मिटावें लागतें, आणि त्यासाठीं उजेडच हवा.

जुन्या भिंगांचें तरी भलें झालें. अर्ध्याहून अधिक शतकापूर्वीं घडविलेलें, विजेचा एक तारहि नसलेलें भिंग आज जोडणीच्या कड्यानें नव्या पेटीवर बसवितां येतें. त्याचें नाभीय अंतर कॅमेऱ्याला कळ दाबून सांगितलें कीं सेन्सर त्याच्याहि चित्राला सावरून धरतो. ज्यांनीं हें भिंग घांसलें त्यांना ही कल्पनाहि नव्हती. अरण्यांतील निरीक्षकाच्या खांद्यावर दूरदर्शी भिंग आपली यंत्रणा वागवीत आहेच, आणि तेथें तें योग्यहि आहे. पण ज्याच्याजवळ एकच पेटी आणि पूर्वजांचीं दोन-तीन भिंगें आहेत, त्या घराला मिनोल्टाचा मार्गच अधिक उपकारक ठरला. आणि एके काळीं त्या मार्गाला नकार देणाऱ्यांच्या कॅमेऱ्यांतहि आज तोच सेन्सर हलत असतो.